शाकारे

ओहायोहून मार्था थॅचर लिहितात:
आमचा मूळपुरुष जोसाया. त्याचा धाकटा भाऊ इनक
बर्फ आणणाऱ्या जहाजातून मुंबईला उतरला,
तिथून पुण्याला गेला. साल एकेचाळीस, अठराशेचं.
पुढे काही कळत नाही.
तुम्ही मोडी वाचता असं समजलं. दर काय?

पानाला दोनशे, मी कळवलं. फाटकं असलं तर अडीचशे.

सोबत जोसायाच्या नऊ पत्रांच्या नकला होत्या,
भावाला लिहिलेली, पत्ता न सापडून परत गेलेली.
ती मी रात्री वाचली, फुकट.
जोसायाच्या पत्रात झाडंच झाडं.
'अकरा एकर मोकळी केली. बुंधे निघत नाहीत,
त्यांच्या मधूनच मका टोचला.'
'हॅना बाळंत झाली. मुलगी. राहिली नाही.'
'ओढ्याकाठी चूल सापडली, तीन दगडांची.
राख कोमट होती. माणूस दिसलं नाही.
दगड चांगले होते, घराच्या पायात घातले.'

मार्थाबाईंच्या वंशवृक्षाला सात पिढ्यांच्या फांद्या आहेत,
गुरं दगावल्याच्यासुद्धा तारखा आहेत.
चुलीचं काही नाही.

दोन महिने मी 'थ' शोधत होते.
पुरालेखागारातल्या रुमालांची गाठ सोडली
की अजून वाळू सांडते,
कुणी शाई टिपायला भुरभुरलेली, पावणेदोनशे वर्षांपूर्वी.
माझ्या डब्यातल्या पोळीतही एकदा कचकन लागली.
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तुटत नाहीत,
हात न उचलता माणूस लिहीत जातो
आणि आपण श्वास कुठे घ्यायचा ते आपणच ठरवायचं.
थ सापडला नाही. ठ पाहिला. त पाहिला.
मग एका गुरुवारी, घरपट्टीच्या यादीत,
एका कडबेवाल्याच्या आणि एका विधवेच्या मध्ये:
'इनक बिन योना शाकारे, जात फिरंगी,
राहणार घोरपडी, चुन्याची भट्टी एक.'

शाकारे!
कारकुनाने विचारलं असणार, नावाचा अर्थ काय रे तुमच्यात?
त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन
गवताचं छप्पर घालून दाखवलं असणार.
कारकून म्हणाला असेल, मग सरळ सांग की.
हे अर्थात कागदात नाही. हे माझं.
याचे मी पैसे लावले नाहीत.

घोरपडीत आजही शाकाऱ्यांचं एक घर आहे,
फाटकाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून.
शमुवेल शाकारे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
अंगात बनियन, हातात निवडायची मेथी.
'आम्ही नगरकडचे,' म्हणाले. 'वडील तसं सांगायचे.'
मी यादीचा फोटो दाखवला. चष्मा पुसून पाहिला त्यांनी,
मोडी त्यांना अर्थातच येत नव्हती,
तरी बोट बरोबर ओळीखालून फिरवलं.
'अमेरिकेला काय पाहिजे आपल्याकडून?'
काही नाही, म्हटलं. नाव फक्त.
'नावच तर एक आहे.'

जोसायाचं पत्र मी त्यांना मराठी करून ऐकवलं,
बुंधे, मका, न राहिलेली मुलगी.
चुलीशी आले तेव्हा त्यांनी मेथी खाली ठेवली.
'मग? त्या चुलीवाल्यांचं काय झालं?'

ओळीत पुढे हवामान आहे, म्हटलं.
'हवामान,' ते म्हणाले, आणि गिरणी सुरू झाली,
मग कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मार्थाबाईंना बिल पाठवलं: तीन पानं,
त्यातलं एक फाटकं, एकूण साडेसहाशे.
खाली लिहिलं: शाकारे कुटुंब सापडलं आहे,
त्यांना विचारून मग पत्ता देईन.
त्यांचाही तुम्हाला एक प्रश्न आहे.